पोरं भाषण ठोकतात, पण वाचतात का?



दर 14 एप्रिलला आपल्या मंचावर तिसरी-चौथीतली एखादी चिमुरडी येते आणि बाबासाहेबांवर पाच मिनिटांचं भाषण न अडखळता ठोकते. टाळ्या पडतात, शंभराची नोट मिळते. ती खाली उतरली की तिच्या हातातला तोच कागद मधूनच कुठूनतरी वाचायला सांगा. वस्तीतल्या अभ्यासिकांमध्ये आम्ही हे नेहमी करून पाहतो. बरीच मुलं मान खाली घालतात.

अर्थ न कळता घोकणाऱ्याला ज्या व्यवस्थेनं पंडित ठरवलं आणि आपल्या हाती अक्षर लागू दिलं नाही, तिचीच रीत आपण निळ्या झेंड्याखाली चालवतो आहोत. हे कडू वाटेल, पण आहे ते असं आहे.

अभ्यासिकेत बडबडगीतं, यमकांचे खेळ घ्या म्हटलं की आपलेच कार्यकर्ते नाक मुरडतात. ‘समाजाला अधिकारी हवेत, खिदळणारी पोरं नकोत.’ ‘हे सदाशिव पेठी चोचले आहेत.’ आमचं म्हणणं उलट आहे. तिकडच्या घरात दोन वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन यमकांचं चित्रपुस्तक वाचून दाखवतात. पहिलीत येईस्तोवर शब्दांचे आवाज त्याच्या कानात मुरलेले असतात. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. आपल्या पोराला तेच द्यायची वेळ आली की आपण त्याला चैन कसं म्हणतो?

यात भाबडेपणा नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी चार-पाच वर्षांची सुमारे 400 मुलं तपासली आणि 1983 साली ‘नेचर’मध्ये निष्कर्ष मांडले. कोणता शब्द यमकात बसत नाही हे ज्यांना लहानपणी ओळखता येई, ती पुढे चांगलं वाचू लागली. काही मुलांना त्यांनी आवाज ओळखायला मुद्दाम शिकवलं. त्यांतही ज्यांच्या हातात सोबत प्लॅस्टिकची अक्षरं दिली, ती सर्वांत पुढे गेली. म्हणजे नुसतं गाणं म्हणून घेणं हेही पुन्हा पाठांतरच. कानात यमक आणि डोळ्यापुढे अक्षर, दोन्ही एकदम हवं.

इंग्रजीत पाच ओळींची लिमरिक असते. एडवर्ड लिअरनं 1846 साली तिचं पुस्तक काढलं आणि ती घरोघरी गेली. आपल्याकडे वात्रटिका आहेच. आम्ही वस्तीसाठी असं काही जुळवतो:

नळाला सुटली पहाटे धार,
हंड्यांची रांग गेली नाक्यापार,
मधेच घुसली म्हैस,
आजी म्हणे, ‘बैस!
तुझा नंबर आहे बाराशे चार!’

पोरं हसतात आणि पुन्हा वाचा म्हणतात. धार, पार, चार: एक अक्षर बदललं की शब्द बदलतो, हे बाराखडीच्या तक्त्याआधी कळतं. ‘म्है’ हे जोडाक्षर आलेलं नसलं तरी ‘बैस’ला काय जुळेल हे कान सांगतो, आणि डोळा ते अक्षर पकडतो. शिवाय इथे नळ आहे, रांग आहे. पोराला स्वतःची गल्ली छापलेली दिसते.

‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला पहिल्याच दिवशी ‘पाणी’ म्हण म्हणून झापणाऱ्यांना तर हात जोडून विनंती आहे: गप्प बसा. पानी-रानी-गानी यमक जुळू द्या. ‘ण’ पुढे पुस्तकातून येईलच, तोंड मिटलेल्या पोराकडे मात्र काहीच येत नाही.

आणि हे परकंही नाही. आपल्या आज्यांनी जात्यावर भीमाच्या ओव्या रचल्या, जलशांनी चळवळ गावोगाव नेली. वामनदादा कर्डकांना मोठेपणी मुंबईत कुणी पत्र वाचायला दिलं तेव्हा वाचता येईना. मग ते जिद्दीनं अक्षरं शिकले. 1943 सालचं त्यांचं पहिलं गीत एका हिंदी गाण्याचं विडंबन होतं. थट्टेत, चालीत, यमकात आपली माणसं कधीच कमी नव्हती. कमी पडला तो छापील कागद.

तेव्हा येत्या जयंतीला मंडळांनी एवढं करावं. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यातून मोठ्या अक्षरांत, एका पानावर एक, अशा पाच ओळींच्या कविता छापून घराघरांत द्याव्यात. त्या वस्तीतल्या पोरापोरींनीच जुळवाव्यात. भाषण स्पर्धा बंद करा असं आम्ही म्हणत नाही. तिच्याशेजारी एक वाचन स्पर्धा ठेवा: कधी न पाहिलेलं पान, तीन मिनिटं आणि बक्षीस तेवढंच.