प्रशिक्षण खिडकीपासून सुरू व्हावे

महाविद्यालयीन कर्मचाऱ्यांना आंतरसांस्कृतिक समज आणि समावेशन यांचे प्रशिक्षण द्यावे असे म्हटले, की पहिला आक्षेप ठरलेला असतो: हे अमेरिकेचे खूळ आहे, तिकडे गोऱ्या-काळ्यांचा प्रश्न आहे, आपल्याकडे कशाला? त्याच्या मागोमाग दुसरा येतो. आमच्याकडे भेदभाव होतच नाही, आम्ही सगळ्यांना सारखेच वागवतो. तिसरा आक्षेप अनुभवी माणसांचा असतो. अशी प्रशिक्षणे होतात, चहापान होते, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी कामकाज पहिल्यासारखेच सुरू होते. हे तिन्ही आक्षेप भल्या माणसांच्या तोंडून येतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माझे मत आधीच सांगून टाकतो. हे प्रशिक्षण हवे, आणि प्राध्यापकांच्याही आधी ते कार्यालयाच्या खिडकीमागे बसणाऱ्यांना हवे.

परदेशी खुळाचा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. 1882 साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि ते शेतकऱ्यांच्या मुलांपासून अंतर राखून वागतात, अशी त्यांची तक्रार होती. तक्रारीवर ते थांबले नाहीत. शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातला असावा, त्याने लोकांत मिसळावे, त्यांच्या गरजा ओळखाव्यात, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला त्याला लाज वाटू नये, अशी मागणी त्यांनी केली. या शिक्षकाला महिना किमान 12 रुपये पगार द्या, असा आकडाही त्यांनी घातला. आज ज्याला आंतरसांस्कृतिक समज म्हणतात, ती पुण्यातल्या एका माणसाने 140 वर्षांपूर्वी सरकारकडे शिक्षकाची पात्रता म्हणून मागितली होती. तेव्हा हा विचार बाहेरून आला, असे निदान महाराष्ट्रात तरी कोणी म्हणू नये.

शिक्षणसंस्थेतला भेद फक्त विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतो, असेही नाही. 1918 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या प्राध्यापकाने सर्वांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी पिण्याला काही सहकारी प्राध्यापकांनी हरकत घेतली. हरकत घेणारे सगळे उच्चशिक्षित होते. पदवी मिळाली की माणूस आपोआप सर्वांशी माणसासारखा वागतो, हा समज त्या एका प्रसंगाने कायमचा मोडायला हवा होता.

आता आपल्या ठाणे-कल्याण भागाकडे पाहू. कोपर स्थानकात मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून दिवा-वसई मार्ग जातो. वरच्या फलाटावर कामण, खारबाव, भिवंडी रोडकडून आलेली गाडी थांबते आणि महाविद्यालयाची मुले जिना उतरून खालची लोकल धरतात. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली उर्दू बोलणारी मुलगी त्यांत असते, भिवंडीतच वाढलेला तेलुगू पद्मशाली मुलगा असतो. कोपर, आयरे, भोपर या जुन्या गावांतल्या आगरी घरांतली मुले खालच्या फलाटावर असतात. डोंबिवलीच्या इमारतींतली मराठी, गुजराती, मल्याळी, तमीळ मुले असतात आणि दिव्याच्या चाळींतून कोकणातली तशीच उत्तर भारतातली मुलेही येतात. पलीकडून, आसनगाव-टिटवाळ्याच्या गाड्यांनी शहापूर-मुरबाडची ठाकूर, कातकरी, महादेव कोळी मुले कल्याणला उतरतात. शेजारचे उल्हासनगर तर फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभे केले, आणि घरे उभी राहिल्यावर त्यांनी महाविद्यालयेही काढली. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात विद्यार्थ्यांची विविधता शोधायला कुठे जावे लागत नाही, ती रोज सकाळी प्रवेशद्वारातून आत येते. तिची दखल घेणारी तयारी आत आहे का, एवढाच प्रश्न आहे.

यावर दुसरा आक्षेप उभा राहतो. सगळ्यांना सारखेच वागवतो ना आम्ही! सर्वांत जास्त नुकसान याच वाक्याने केले आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

शिष्यवृत्तीची खिडकी घ्या. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, जातीचा दाखला जोडायचा, पुढे वैधता प्रमाणपत्र आणायचे. नियम सर्वांना एकच. दाखल्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 1961 चा, इतर मागासवर्गीयांना 1967 चा. ज्याच्या आजोबांच्या नावाने सातबारा आहे, त्याला हे जमते. कातकरी कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाते. आजोबा शाळेत गेले नाहीत, जमीन नाही, भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद कुठे झाली ते कोणाला ठाऊक नाही. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेली जमात आहे. तरीही ‘कागद अपुरे, पुढच्या वेळी पूर्ण घेऊन ये’ हे उत्तर तिच्या मुलाला आणि सातबारावाल्याला सारख्याच सुरात मिळते. सातबारावाला पुढच्या आठवड्यात परत येतो. कातकरी मुलगा बहुतेक वेळा येत नाही. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या मुलाला खिडकीतले ‘नंतर ये’ हे ‘येऊ नकोस’ असे ऐकू येते.

हीच खिडकी प्रशिक्षण घेतलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती असली तर काय होते? त्याला माहीत असते, की गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकात, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी सापडतात आणि त्यांत जातीचा उल्लेख असू शकतो. वडिलांकडच्या एखाद्या नातेवाइकाची जुनी शाळेची नोंदही उपयोगी पडते, हे त्याला माहीत असते. तो कागदाच्या चिठ्ठीवर तहसील कार्यालयात कोणापाशी काय मागायचे ते लिहून देतो. नियम एका अक्षरानेही वाकलेला नसतो, पण मुलाचे वर्ष वाचते. हे दयेचे काम आहे असे मी मानत नाही. त्या पदाचे ते मूळ कामच आहे आणि ते शिकवता येते.

नावाच्या रकान्याचेही असेच आहे. आडनाव, नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव हा क्रम मराठी माणसाला इतका सवयीचा, की जगात दुसरी पद्धत असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही. तमीळ मुलाला बहुधा आडनाव नसते, वडिलांच्या नावाचे आद्याक्षर असते. मुसलमान घरांत दोन भावांची नावे आडनावाच्या एका धाग्यात ओवलेली असतीलच असे नाही. एकट्या आईने वाढवलेल्या मुलीला ‘वडिलांचे नाव?’ हा प्रश्न रांगेसमोर मोठ्याने विचारला जातो. रकाना रिकामा राहू नये म्हणून घाईत काहीतरी भरले जाते, तेच गुणपत्रिकेवर येते, तेच पदवीवर, आणि पासपोर्टच्या वेळी ते जुळत नाही. मग राजपत्रापर्यंत खेटे. राज्य सरकारने 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लावायचे ठरवले. सरकारला जे उमगले, ते खिडकीला उमगायला 18 वर्षे थांबायचे का?

अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो आणि तासाला 20 मिनिटे जादा मिळतात. अशा सवलती अर्ज केल्यावर मिळतात, आणि अर्ज पहिल्या मजल्यावर, उद्‌वाहन नसलेल्या इमारतीत स्वीकारला जात असेल तर चालता न येणाऱ्यासाठी त्या कागदावरच राहतात. आगरी बोलीतल्या मुलाने काही विचारले आणि आतले दोघे एकमेकांकडे पाहून हसले, तर तो पुन्हा तोंड उघडत नाही. सारखे वागवणे म्हणतात ते हेच असेल, तर त्याचे फळ फार विषम आहे.

तिसऱ्या आक्षेपाचे वजन मात्र खरे आहे, आणि त्यातला बराच भाग मला मान्य आहे. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कॅलेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी 2016 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत अमेरिकी कंपन्यांच्या अनुभवावर लिहिले, की सक्तीच्या विविधता-प्रशिक्षणाने पूर्वग्रह कमी होत नाहीत, उलट लोक चिडतात. त्याच लेखात त्यांनी काय चालते तेही सांगितले: वेगळ्या गटांतल्या माणसांनी बरोबर काम करणे, मार्गदर्शक म्हणून जबाबदारी घेणे, निर्णयांचा जाब देणे. आक्षेप घेणारे पहिला अर्धा भाग सांगतात आणि दुसरा सोडतात. आपल्याकडे तर अडचण आणखी वेगळी आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात समावेशक वातावरणाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून एक व्याख्यान होते, अक्षांश-रेखांश उमटलेले फोटो जोडले जातात आणि फाइल बंद होते. तेही प्राध्यापकांपुरते. त्यांना पदोन्नतीसाठी उजळणी वर्ग करावे लागतात, त्यांच्यासाठी केंद्रे आहेत. प्रवेश देणारा लिपिक, ग्रंथालय परिचर, प्रयोगशाळा परिचर, दारावरचा सुरक्षारक्षक यांना सहसा कोणी काही शिकवत नाही. विद्यार्थ्याला महाविद्यालय पहिल्यांदा भेटते ते मात्र यांच्याच रूपाने. वाईट प्रशिक्षण निरुपयोगी ठरले यावरून चांगले नको असा निष्कर्ष निघत नाही.

काही जण म्हणतात, कायदे आहेत की, तेवढे पुरेत. विद्यापीठ अनुदान आयोगाची समतेची नियमावली 2012 पासून आहे. तिच्यात समान संधी कक्ष आहे, भेदभावविरोधी अधिकारी आहे, तक्रारीवर 60 दिवसांत निर्णय आहे. वर्गात विद्यार्थ्याची जात, जमात, धर्म जाहीर करणे आणि एखाद्याला ‘राखीव’ म्हणून चिकटवणे तिने स्पष्ट शब्दांत निषिद्ध ठरवले. ती लागू असतानाच 22 मे 2019 रोजी मुंबईतल्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या, जळगावहून आलेल्या, तडवी भिल्ल समाजातल्या डॉ. पायल तडवी यांनी आयुष्य संपवले. वरिष्ठांकडून जातिवाचक छळ झाल्याचा आरोप असलेला तो खटला न्यायालयात गेला. त्यांची आई आबेदा तडवी आणि हैदराबादमध्ये असेच आयुष्य संपवलेल्या रोहित वेमुला या विद्यार्थ्याची आई राधिका वेमुला या दोघींनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात जाऊन मागितले काय, तर असलेले नियम अमलात आणा. जानेवारी 2026 मध्ये आयोगाने नवी नियमावली आणली, देशभर वाद उसळला आणि त्याच महिन्यात न्यायालयाने तिला स्थगिती दिली. नियमावलीचे शब्द कसे असावेत यावर मतभेद असू शकतात. पण नियम अपराध घडल्यानंतर कामाला येतो. अपराधाच्या आधीचा जो रोजचा व्यवहार आहे, तिथे फक्त प्रशिक्षित माणूस उपयोगी पडतो, आणि त्याला शिकवण्यावर कोणतीही स्थगिती नाही.

यात कर्मचाऱ्यांवर आरोप करण्याचा हेतू नाही. रिकाम्या जागा भरल्या जात नाहीत, जूनमध्ये एका टेबलावर तिघांचे काम येते, शेजारचा सहकारी कंत्राटी असतो आणि संकेतस्थळ ऐन मुदतीच्या दिवशी बंद पडते. अशा माणसाला ‘तू पूर्वग्रहदूषित आहेस’ असे सांगणारे व्याख्यान ऐकवणे हा अन्याय आहे. फुल्यांनी प्रशिक्षणाबरोबर पगार मागितला होता, हे इथे आठवावे. प्रशिक्षण कामाच्या वेळेत व्हावे, त्या दिवसाचा पगार कंत्राटी माणसालाही मिळावा, आणि विषय कामातलाच असावा: हा अर्ज, हा रकाना, हा अडलेला दाखला. शिकवणारे बाहेरून आणायची फारशी गरज नाही. आगरी बोली जाणणारा शिपाई, उर्दू वाचणारी ग्रंथालयातली ताई, त्याच महाविद्यालयातून शिष्यवृत्तीवर शिकून गेलेला ठाकूर किंवा कातकरी मुलगा, लेखनिक घेऊन पदवी मिळवलेली मुलगी हे खरे तज्ज्ञ आहेत, त्यांना मानधन देऊन बोलवावे. परिणाम मोजायचा तर फोटो नकोत. किती अर्ज परत पाठवले, प्रत्येकाला कारण लिहून दिले का, आणि परत पाठवलेल्यांपैकी किती मुले पुन्हा आली, एवढे दरवर्षी लिहून ठेवावे. आणि हे फक्त राखीव जागांवरच्या मुलांसाठी आहे असेही कोणी समजू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला हातात घेऊन उभा असलेला, दिव्याच्या चाळीतला खुल्या प्रवर्गातला मुलगाही त्याच खिडकीवर असतो.

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे, की प्रवेश सुरू होण्यापूर्वी कार्यालयातल्या सर्वांसाठी दोन दिवस काढा. पालकांनाही एक सांगतो. 2012 ची नियमावली आजही लागू आहे आणि तिच्यानुसार महाविद्यालयात भेदभावविरोधी अधिकारी असलाच पाहिजे. आपल्या मुलाच्या महाविद्यालयात तो कोण आहे, हे कार्यालयात जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागा.