पंचाहत्तर टक्के हजेरी

यंदाच्या स्नेहसंमेलनातल्या एकांकिकेत मी आत्याबाई होते, हे बहुतेकांनी पाहिलेच आहे. गेल्या वर्षी मावशी होते आणि प्रथम वर्षाला असताना घरमालकीण. वजनदार आणि विनोदी बाई हवी असली की तालमीच्या खोलीत सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतात आणि मीही पदर खोचून उभी राहते. दिग्दर्शकांविषयी माझी तक्रार नाही; उत्तेजनार्थ बक्षीस मला याच बायकांनी मिळवून दिले. यंदा तर माझे वजन साडेसहा किलोंनी उतरले होते, तरी आत्याबाई चुकली नाही. भूमिका वजनापेक्षा चिवट असतात, असे दिसते.

पण हा लेख नाट्यविभागावर नाही. तो त्या साडेसहा किलोंवर आहे. वजन कमी करायचे ठरवले की पूर्ण निष्ठेने करावे, नाहीतर त्या वाटेला जाऊच नये, असे आपल्याला घरीदारी सांगितले जाते. निष्ठेबद्दल माझे दुमत नाही. निष्ठा म्हणजे काय, याबद्दल आहे.

सुरुवात आईच्या पायापासून झाली. आईला ३९ व्या वर्षी मधुमेह निघाला. दोन वर्षांपूर्वी भर एप्रिलमध्ये ती गच्चीवर अनवाणी सांडगे वाळत घालत होती. फरशी तापलेली. तळव्याला हा एवढा फोड आला, आणि तो तिला कळला संध्याकाळी, मी दाखवल्यावर. पाय भाजावा आणि ज्याचा भाजला त्यालाच समजू नये, ही गोष्ट मी तोवर ऐकलीही नव्हती. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होऊ शकतात, हे डॉक्टरांनी समजावले आणि जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाले, "हिचंही रक्त तपासून घ्या." माझी तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. ती ५.७ च्या खाली असावी लागते, ६.५ झाली की मधुमेह. म्हणजे मी कुंपणावर बसलेली. वजन ८१ किलो, उंची १५५ सेंटिमीटर.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचे आणि जो आकडा येईल तो आपण भारतीयांनी २३ च्या आत ठेवायचा, असे सांगतात. माझा ३४ च्या जवळ होता. ही भागाकाराची रीत १९ व्या शतकात बेल्जियमच्या क्वेटलेने काढली. तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि गणित त्याचे विषय. त्यामुळे वर्गातल्या सडपातळ मैत्रिणींनी या आकड्यावर फार विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. यडकिन यांचा दोघांचाही आकडा २२.३ होता. पण यडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! २००४ साली दोघांनी आपला फोटोच 'लॅन्सेट'मध्ये छापला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आपल्या देशात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले, त्याचे एक कारण या न दिसणाऱ्या चरबीतही आहे.

तर मी संकल्प सोडला. मुहूर्त गुढीपाडव्याचा. त्या दिवशी घरात श्रीखंड असते, हे संकल्प करणाऱ्याच्या कधीच लक्षात राहत नाही. शिवाय आमच्या घरात दोन पक्ष. काकू डॉ. दीक्षितांच्या बाजूची, दिवसातून दोनदाच जेवायचे म्हणणारी. आत्या ऋजुता दिवेकरांची, दर दोन तासांनी थोडे थोडे खायचे म्हणणारी. मी दोघींचेही मन राखले आणि काही दिवस दोन्ही पद्धतींनी जेवले! शेवटी काकूचा पक्ष धरला. तेवीस दिवसांत चार किलो उतरले. चोविसाव्या दिवशी मामेबहिणीचे केळवण होते. तिथे एक जिलेबी खाल्ली. मग मोडलेच आहे तर म्हणून आणखी चार खाल्ल्या, आणि मग मोडलेच आहे तर म्हणून पावसाळाभर खात राहिले. चारांचे पाच किलो होऊन परत आले.

माझे म्हणणे या 'मोडलेच आहे तर'बद्दल आहे. आपण वजन कमी करायला जातो ते व्रत धरल्यासारखे. श्रावणातल्या कहाण्या लहानपणापासून ऐकलेल्या; वसा टाकला की राज्य जाते, सत्यनारायणाचा प्रसाद नाकारला की जहाज बुडते. देवाधर्माच्या व्रताला हे ठीक असेल. पण शरीर काही एका जिलेबीवर कोपत नाही. एका जिलेबीने काही ग्रॅमांचा फरक पडतो. जहाज बुडवतो तो आपण, नंतरच्या तीन महिन्यांत, आणि वर म्हणतो की आपल्यात निष्ठा नाही.

आता आपल्या कॉलेजचे पाहा. विद्यापीठाला ७५ टक्के हजेरी लागते. मंगळवारचा इतिहासाचा तास बुडाला म्हणून कोणी बी.ए. सोडून गावी गेल्याचे मी पाहिलेले नाही. आपण बुधवारी पुन्हा येतो, मागच्या बाकावर बसतो, "येस सर" म्हणतो. मी तेच केले. एक वही घातली. रोजची दोन कामे: संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालत जाऊन यायचे आणि रात्री दीड भाकरीवर उठायचे. दोन्ही झाली तर हजर, एक जरी चुकले तरी गैरहजर. महिन्यातून २३ दिवस हजर असले की महिना पदरात.

वजन दर रविवारी बाबांच्या आडत दुकानात. बाबा तिथे दिवाणजी आहेत. ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बेदाण्याच्या १५ किलोंच्या पेट्या चढतात, त्याच्यावर मी चढते. पहिल्या रविवारी हमाल मंडळींना फार मौज वाटली. आता आमचे जुने मामा पेटीचे वाचावे तसे माझे वजन मोठ्याने वाचतात आणि पुढच्या पेटीकडे वळतात. घरच्या काट्यापुढे पोट आत ओढून उभे राहता येते, डाव्या पायावर भार देऊन शंभर ग्रॅम चोरता येतात. बाजारातल्या काट्यापुढे हे चालत नाही.

माझा हा हिशेब मी आपल्याच एका प्राध्यापकांना सांगितला. ते म्हणाले, "सवलत ठेवली की माणूस आधी सवलत वापरतो, मग नियम." हे खरे आहे. गणपती ते दिवाळी या दिवसांत माझी हजेरी निम्म्यावर आली. तेव्हा नोटीस बोर्डावर डिफॉल्टरांची यादी लागते तशी मी माझ्या एकटीची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. पण सरांना माझे उत्तर असे, की मागच्या खेपेला शंभर टक्क्यांचा नियम होता आणि तो तेवीस दिवस टिकला. हा पंचाहत्तरचा सतराव्या महिन्यात आहे.

आणि सगळाच दोष मनाच्या दुबळेपणावर टाकू नये. अमेरिकेत टीव्हीवर वजन उतरवण्याची एक स्पर्धा होत असे. तिच्यातल्या चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तेरा जणांचे वजन पुन्हा वाढले होते, आणि त्यांची शरीरे दिवसाला अपेक्षेपेक्षा सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होती. सारा देश पाहत असताना त्यांनी निष्ठा दाखवली होती. शरीराने ती उपासमार समजून धरून ठेवली. उलट २००२ साली अमेरिकेतच मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर प्रयोग झाला, त्यात उद्दिष्ट होते फक्त सात टक्के वजन आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ८१ चे सात टक्के म्हणजे पावणेसहा किलो, बेदाण्याच्या अर्ध्या पेटीपेक्षाही कमी. तेवढ्याने मला कोणी नायिका करणार नाही, पण नायिका होण्यासाठी मी चालत नव्हतेच.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मागच्या माघात आत्या घरी आली, मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि आईला म्हणाली, "बरी उतरली गं पोरगी. आता स्थळं बघायला हरकत नाही." त्या संध्याकाळी मी पुलावर गेले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी घाम गाळते आहे तो कुणा अनोळखी मुलाने पोहे खाताना पसंत करावे म्हणून, असे वाटून इतका संताप आला की सव्वीस दिवस वहीत एकही हजेरी नाही. जिलेबीने जे केले नव्हते ते त्या कौतुकाने केले. माझ्या माहितीतल्या कितीतरी मुलींचे वजन असेच लग्नाच्या तारखेपर्यंत उतरते आणि पहिल्या दिवाळसणाला परत येते, कारण ज्याच्यासाठी उतरवले ते काम झालेले असते. मुलांना हा जाच कमी, असे माझे मत आहे. वादविवाद मंडळाने हवे तर हा विषय घ्यावा.

सत्ताविसाव्या दिवशी आईने तळव्याला मलम लावायला मला हाक मारली. फोड कधीच बरा झाला होता, कातडी अजून तिथे पातळ आणि गुलाबी आहे. मी मलम लावले, ते तिला कळले की नाही हे मी विचारले नाही. त्या संध्याकाळी पुन्हा गेले.

परवाच्या रविवारी मामांनी वाचले, "चौऱ्याहत्तर नऊशे." त्याआधीच्या रविवारी चौऱ्याहत्तर पाचशे होते, मध्ये स्नेहसंमेलनाचे जेवण झाले. वहीत ७४.९ लिहिले. सोमवारी पुलावर निघाले तेव्हा आईही बरोबर आली, अर्ध्या वाटेपर्यंत. तिचे बूट नवीन होते, म्हणून घरी आल्यावर मी आधी तिचे दोन्ही तळवे दिव्याखाली धरून पाहिले.