नाव आणि जागा

मराठी विभागाचे संशोधन-नियतकालिक, विद्यार्थ्यांचे वार्षिक, हस्तलिखितांची सूची हे सारे महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर कुठल्याशा डिरेक्टरीत पडून असते. त्यांना स्वतंत्र सबडोमेन द्यावे काय, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपवून आपण मोकळे होतो. आमच्या मते तो मुळात संपादकीय प्रश्न आहे.

यामागील व्यवस्था अवघड नाही. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ने ब्राउझरवर बंधन घातले, की प्रत्येक मागणीसोबत 'होस्ट'चे नाव कळवावे. त्यामुळे एकाच आयपी पत्त्यावर अनेक नावे नांदू शकतात. अपाची सर्व्हर ते नाव वाचतो, त्या नावाचा 'व्हर्च्युअल होस्ट' शोधतो आणि तेथे 'डॉक्युमेंट रूट' म्हणून नोंदवलेल्या डिरेक्टरीतील फाइल देतो. नाव जुळलेच नाही, तर मागणी पहिल्या व्हर्च्युअल होस्टकडे जाते. ग्रामीण कादंबरीवरील लेख शोधणाऱ्यापुढे मग प्रवेशप्रक्रियेची सूचना उभी राहते!

दुसरीही एक सोय आहे. 'व्हर्च्युअल डॉक्युमेंट रूट' ही एकच ओळ लिहिली, की सबडोमेनचे पहिले पद हेच डिरेक्टरीचे नाव ठरते. प्रत्येकासाठी निराळी नोंद करावी लागत नाही. शेकडो अनुदिन्या सांभाळणाऱ्यास ती उपकारक होय. नियतकालिकाला मात्र आम्ही ती सुचवणार नाही. तीत नाव आणि जागा एकजीव होतात. पुढे कुणी आवराआवर करताना डिरेक्टरीचे नाव बदलले, की प्रसिद्ध पत्ता निकामी होतो. स्वतंत्र नोंद असेल, तर तीतील मार्ग तेवढा बदलावा लागतो. वाचकाच्या लेखी काहीच हललेले नसते. सर्व्हर बदलला तरी नाव नव्या ठिकाणी वळवता येते.

डिरेक्टरीचा पत्ताही निगुतीने राखता येतो, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु मुख्य संकेतस्थळाची पुनर्रचना होताना विभागाचे मत क्वचितच विचारले जाते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते, की पत्ते आपोआप बदलत नाहीत, माणसे ते बदलतात.

प्रबंधाच्या तळटीपेत दिलेला पत्ता हा अभ्यासकाने वाचकाला दिलेला शब्द असतो. तो पाळला जावा, म्हणून प्रत्येक नियतकालिकाला स्वतःचे नाव व स्वतःची नोंद असावी, आणि ते नाव बदलण्याचा अधिकार संपादक मंडळाकडेच असावा.