धरणाखालची नदी



महाडचे चवदार तळे आपल्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण त्याच बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून देशातल्या मोठ्या नद्यांचा विचार केला, हे किती घरांत सांगितले जाते? १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडाला. तेव्हा नुसता पूर अडवून भागणार नाही, त्याच पाण्यातून शेती, वीज आणि जलवाहतूक असा चौफेर लाभ जनतेला मिळाला पाहिजे, असा आग्रह बाबासाहेबांनी धरला. नमुना घेतला तो अमेरिकेतल्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचा. तिथले अभियंता वूरडुइन यांनी आराखडा केला आणि १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

पण ज्या टेनेसीचा धडा आपण गिरवला, त्या टेनेसीलाच पुढे नवा धडा शिकावा लागला.

हे प्राधिकरण १९३३ चे. त्याचे पहिले धरण नॉरिस, १९३६ मध्ये पुरे झाले. वीज आली, पूर आटोक्यात आले. मात्र कामगारांसाठी वसवलेल्या नॉरिस गावात काळ्या माणसाला घर मिळत नव्हते. विषमता अशी धरणाच्या पायाशीच होती. आणि धरणाखालच्या नदीचाही कोणी विचार केला नव्हता.

उन्हाळ्यात खोल धरणातल्या पाण्याचे थर पडतात. वरचे कोमट पाणी हलके, तळाचे गार पाणी जड. तळाच्या पाण्याला हवा लागत नाही आणि तिथे कुजणारा गाळ उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकतो. वीज करणारी टर्बाइन नेमके हेच तळाचे पाणी ओढतात. म्हणजे नदीत पाणी येते, पण त्यात श्वास नसतो. विजेची मागणी घटली की टर्बाइन बंद, आणि पात्र तासन्‌तास कोरडे. मासे, शिंपले, माशांचे खाद्य असलेले किडे, सारेच मरणाच्या दारी.

१९९१ मध्ये प्राधिकरणाने हे बदलायचे ठरवले. उपाय साधेच होते. टर्बाइन दर काही तासांनी थोडा वेळ चालवायचे, म्हणजे पात्र सुकत नाही. काही धरणांखाली छोटा बंधारा बांधायचा. साठलेले पाणी त्यातून झिरपत राहते, वरून पडताना हवा घेते. कुठे जलाशयाच्या तळाशी भोके पाडलेल्या नळ्या टाकून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे. नदी सुधारू लागली. बोटाएवढ्या ‘स्नेल डार्टर’ माशासाठी १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्राधिकरणाचे टेलिको धरण रोखले होते. पुढच्याच वर्षी संसदेने कायद्यात सवलत देऊन ते पुरे करवले आणि तो मासा इतर नद्यांत नेऊन सोडावा लागला. २०२२ मध्ये त्याचे नाव धोक्यातील जीवांच्या यादीतून काढले गेले. त्यामागे धरणातून नीट सोडलेले पाणी हेही एक कारण होते.

यासाठी नवे धरण लागले नाही, कोणाचे घर बुडाले नाही. पाणी कधी, किती आणि कसे सोडायचे, एवढेच बदलले.

आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्र सरकारने गंगेच्या वरच्या टप्प्यात हंगामाप्रमाणे मासिक सरासरीच्या २० ते ३० टक्के पाणी वाहते ठेवण्याचा नियम केला. पण तो गंगेपुरता. आपल्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उसाच्या आणि रब्बीच्या आवर्तनावर भांडण होते. नदीच्या पात्राच्या वाट्याला काय, हे विचारायला भोई नसतो, भूमिहीन नसतो आणि मासा तर बोलूच शकत नाही.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलीय शस्त्रे उपसायला निघाले, तेव्हा सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, हे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आपण वाचतो. करुणा माणसापुरती, पण मैत्री सर्व जीवमात्रांसाठी, हेही बाबासाहेबांनी तिथेच सांगितले आहे. तेव्हा ग्रामसभेत, मोर्चात पिण्याचे पाणी मागताना आणखी एक प्रश्न जोडा : धरणाखालच्या नदीला पाणी किती सोडणार? आणि आपल्या शिकणाऱ्या मुलामुलींना सांगा, नद्यांचा कारभार हेही बाबासाहेबांनी हाताळलेले काम आहे. ते पुढे नेणारे अभियंते आपल्या वस्तीतूनही निघाले पाहिजेत.