लय चुकते कोणाची?

आमच्या शेजारचे एक आजोबा तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवीत. वय आता शहात्तर. परदेशातून सुटीवर आलेल्या नातवाने ‘गिटार हिरो’ची प्लॅस्टिकची गिटार त्यांच्या गळ्यात अडकवली. २००५ साली अमेरिकेत निघालेला हा व्हिडिओ गेम. पडद्यावर रंगीत ठिपके सरकत येतात. डाव्या हाताने त्या रंगाची कळ दाबून, ठिपका रेषेवर येताच उजव्या हाताने पट्टी छेडायची. आजोबांचा प्रत्येक ठोका उशिरा पडला. “हात गेले रे माझे,” एवढेच म्हणून त्यांनी गिटार खाली ठेवली.

हात गेले नव्हते. नव्या सपाट टीव्हीत चित्र आणि आवाज प्रक्रिया होऊन किंचित उशिरा पोहोचतात. मालिका पाहताना ते जाणवत नाही, लयीच्या खेळात मात्र तेवढ्याने सारे चुकते. खेळाच्या पर्यायांत हा विलंब जुळवण्याची सोय असते. टीव्हीला ‘गेम मोड’ असल्यास तोही लावावा. ज्येष्ठांच्या हाती खेळ देण्यापूर्वी घरच्यांनी हे अवश्य करावे. नाहीतर यंत्राचा दोष माणूस आपल्या वयाच्या खाती मांडतो, आणि ती नोंद सहजासहजी खोडली जात नाही.

मग पातळीची निवड. ‘ईझी’वर हिरवी, तांबडी, पिवळी अशा तीनच कळा लागतात, ‘मीडियम’वर निळी वाढते, ‘हार्ड’वर नारिंगी. ‘एक्स्पर्ट’वर कळा पाचच, पण ठिपक्यांची दाटी विलक्षण. सोप्या पातळीवर गाण्याचा वेग उतरत नाही, फक्त वाजवायचे स्वर कमी होतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वेगच झेपत नसेल, तर पातळी उतरवून भागत नाही.

त्यासाठी सरावाचा विभाग आहे. २००६ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो आला. गाण्याचा हवा तेवढाच तुकडा निवडावा, वेग कमी ठेवावा आणि पुन्हा पुन्हा वाजवावा. तबला शिकलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. बोल आधी ठाय लयीत बसवायचे, दुगुन नंतर. मुख्य खेळात चुका वाढल्या की गाणे मध्येच थांबते आणि पडद्यावरचे प्रेक्षक हुर्यो करतात. सरावात तसे काही होत नाही. (वडीलधाऱ्यांची हुर्यो करणारे यंत्र मला व्यक्तिशः आवडत नाही.) डावखुऱ्यांसाठी मांडणी उलटवता येते.

बिनहातांच्या खुर्चीत बसून खेळावे. सांधा दुखू लागताच थांबावे. अपस्माराचा पूर्वेतिहास असल्यास लखलखणाऱ्या चित्रांमुळे झटका येऊ शकतो. आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि पातळी कोणती, हे खेळणाऱ्यानेच ठरवावे. “आजोबा, ईझीच बरं” हे प्रेमाने म्हटलेले वाक्यही बोचते. “हार्ड करून दाखवा” हा आग्रहही तसाच. आमच्या आजोबांनी विलंब जुळवल्यावर तिसऱ्या दिवशी स्वतःच मीडियम लावले. पुढे ते जात नाहीत. बोटे चार आणि कळा पाच, म्हणून हार्डवर पंजा सरकवावा लागतो आणि त्यांचे मनगट ते सोसत नाही. नातू फोनवरून अजून हट्ट धरतो. ते हसतात, आणि मीडियमवरचे पुढचे गाणे लावतात.