आधी अर्ज बोलतो

तुमसर रोडहून तिरोडीकडे रेल्वेचा एक फाटा जातो. त्यावर गोबरवाही स्टेशन लागते आणि त्याच परिसरात भंडारा जिल्ह्यातले चिखला हे गाव आहे. गावाची ओळख मँगनीजच्या खाणीमुळे. खाण चालवणाऱ्या कंपनीचे मूळ १८९६ सालच्या एका ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जाते. १९६२ साली तिची ‘मॉईल’ झाली. अशा गावातल्या मुलाला खाण दारातून दिसते, पण नोकरीची वाट नागपूरच्या काटोल रोडवरील मुख्य कार्यालयातून जाते. मधे असतो तो एक अर्ज. आणि त्याच्याकडे आपण ‘भरून टाकायची गोष्ट’ म्हणून पाहतो!

पूर्वी लहान पदांसाठीही मुलाखत असे. १५ ऑगस्ट २०१५ रोजी पंतप्रधानांनी ती बंद करण्याचा विचार लाल किल्ल्यावरून मांडला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकार व त्याच्या उपक्रमांतील कनिष्ठ पदांच्या मुलाखती थांबल्या. वशिल्याची एक वाट बुजली, हे उत्तमच झाले. पण तोंडी खुलासा करण्याची जागाही त्याबरोबर गेली. ‘दाखल्यावर आडनाव वेगळे का?’ असे विचारणारा साहेब समोर असेल तर सांगता येते. संगणक विचारत नाही. तेव्हा अर्ज हीच आता अनेकांची पहिली आणि शेवटची मुलाखत आहे.

म्हणून शिष्टाचाराची सुरुवात कागदापासून करावी. नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच, काना-मात्रेसह लिहावे. नॉन-क्रिमीलेअर दाखल्याची मुदत पाहावी. खाणीतल्या मेट, ब्लास्टर अशा पदांना खाण सुरक्षा महासंचालनालयाचे प्रमाणपत्र लागते. ते ‘मिळणार आहे’ म्हणजे ‘आहे’ नव्हे. फॉर्म सायबर कॅफेवाल्याने भरला तरी खाली सही आपली असते. कित्येकदा मोबाईल नंबरही त्याचाच दिलेला असतो. मग परीक्षेचा निरोप दुकानात येतो आणि उमेदवार घरी वाट पाहत बसतो. शेवटचे बटण दाबण्याआधी अर्ज घरात मोठ्याने वाचावा. आई फारशी शिकलेली नसली तरी मुलाची जन्मतारीख तिच्याइतकी कोण ओळखणार?

अधिकाऱ्यांच्या अनेक पदांसाठी मुलाखत अजून आहे. बँकेत असताना अशा मुलाखती घेणाऱ्यांत मी अनेकदा बसलो. कडक इस्त्रीचा शर्ट आम्ही फार तर अर्धा मिनिट पाहत असू. छंद म्हणून ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटचे पुस्तक विचारले की निम्मे जण गप्प होत. उलट एका मुलाने सरळ सांगितले, “सर, याचे उत्तर मला येत नाही.” त्याच्या पुढच्या प्रत्येक उत्तरावर आमचा विश्वास बसला. बँकेत काय आणि खाणीत काय, माहीत नसताना माहीत असल्याचे सोंग करणारा माणूस धोक्याचा असतो.

भाषेची धास्ती मात्र मुलांनी सोडावी. भंडाऱ्याकडची मुले झाडीबोलीत वाढतात आणि इंग्रजी प्रश्न ऐकताच अवघडतात. “हिंदीत किंवा मराठीत सांगितले तर चालेल का?” असे नम्रपणे विचारण्यात कमीपणा नाही.

पण शिष्टाचार एकाच बाजूने पाळायचा नसतो. एका मुलाखतीत आमच्यातलेच एक सदस्य उमेदवाराच्या उच्चाराला हसले. त्यापुढे त्या मुलाला साधे प्रश्नही सुचेनात. त्या दिवशी नापास कोण झाले, हे मला अजून नीटसे ठरवता आलेले नाही. उमेदवाराला बसायला खुर्ची, बोलायला सवड आणि अर्ज नाकारला तर त्याचे कारण मिळाले पाहिजे. एसटीचे भाडे उसने घेऊन आलेल्या मुलाचा एवढा हक्क नक्कीच आहे.

नोकऱ्या थोड्या आणि अर्ज अफाट, हे चित्र एका लेखाने बदलणार नाही. पण लायक मूल केवळ चुकलेल्या आडनावापायी किंवा कुणाच्या हसण्यापायी मागे राहणे, हे तरी आपण टाळू शकतो. पहिले घराने सांभाळावे, दुसरे कार्यालयाने.