क्रमांकांची आराधना

चित्रपटांची व दिग्दर्शकांची क्रमवारी लावण्याचा छंद आपल्या घरांत चांगलाच रुजला आहे. ऑस्करची नामांकने जाहीर होताच कोणत्या चित्रपटाला किती, ही यादी मुलांना तोंडपाठ होते. स्पीलबर्ग थोर की स्कॉर्सेसी, यावरून जेवताना भावंडांत खडाजंगी होते. वादाला आमची हरकत नाही. हरकत आहे ती त्यामागे दडलेल्या समजुतीला : बाहुली मिळाली तो चित्रपट श्रेष्ठ, नुसते नामांकन मिळाले तो दुय्यम आणि तेही न लाभलेला पाहण्याच्या लायकीचाच नाही.

या मापाने मोजू लागलो तर हाती काय लागते? जेझुइटांच्या शाळेत शिकलेल्या आल्फ्रेड हिचकॉकला दिग्दर्शनासाठी पाच वेळा नामांकन मिळाले, पुरस्कार एकदाही नाही. सत्यजित राय यांच्या एकाही चित्रपटाला ऑस्करचे नामांकन लाभले नाही. १९९२ साली सन्मानाची बाहुली त्यांच्या हाती आली ती कलकत्त्याच्या रुग्णालयात, मृत्यूला काही आठवडेच उरले असताना. मग 'पथेर पांचाली'ला काय शेवटच्या बाकावर बसवायचे?

याहून आपल्या जवळचे उदाहरण पिएर पाओलो पासोलिनीचे. हा इटालियन दिग्दर्शक मार्क्सवादी होता, ईश्वरावर श्रद्धा नसलेला होता. 'ला रिकोत्ता' या लघुपटात धर्माचा अवमान केल्याबद्दल १९६३ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले होते. त्याच माणसाने पुढच्याच वर्षी संत मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट केला आणि तो पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केला. ख्रिस्ताच्या भूमिकेत एक स्पॅनिश विद्यार्थी, उतारवयातील मरियेच्या भूमिकेत दिग्दर्शकाची स्वतःची आई, जेरुसलेमच्या जागी दक्षिण इटलीतील मातेरा आणि पात्रांच्या तोंडी मत्तयचेच शब्द. क्रुसासमोर कोसळणारी ती वृद्ध माता ज्याने पाहिली, त्याला दुःखी मातेच्या भक्तीवर वेगळे प्रवचन नको. व्हेनिसच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेने या चित्रपटाला आपला पुरस्कार दिला. परीक्षकांनी दिग्दर्शकाचा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नाही, चित्रपट पाहिला! पुढे ऑस्करच्या दरबारी त्याला कलादिग्दर्शन, वेशभूषा व संगीत यांसाठी तीन नामांकने मिळाली आणि तो रिकाम्या हाताने परतला. 'बेन-हर'ने अकरा बाहुल्या नेल्या होत्या.

चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. धर्म, मूल्ये आणि कला असे तीन विभाग, प्रत्येकात पंधरा चित्रपट. पहिला-दुसरा असा क्रमांक कोणालाच नाही. अकरा बाहुल्यांचा 'बेन-हर' आणि एकही बाहुली नसलेला पासोलिनी तेथे एकाच विभागात, एकाच पंगतीला बसले आहेत. अर्थात, ही यादीही आम्ही डोळे मिटून शिरोधार्य मानणार नाही. रायांचा एकही चित्रपट तीत नाही. एका तरुण धर्मगुरूची आंतरिक वेदना पडद्यावर आणणाऱ्या रोबेर ब्रेसाँलाही तीत जागा मिळालेली नाही, हे तर आम्हांला आजही उलगडत नाही.

आपल्यातील भाविक मंडळींचे मापही याहून फारसे निराळे नाही. पडद्यावर क्रूस दिसला, पार्श्वसंगीतात घंटा वाजली की चित्रपट उत्तम; दिग्दर्शक नास्तिक निघाला की त्याज्य! बाहुल्या मोजणे काय आणि क्रूस मोजणे काय, दोहोंत चित्रपट पाहण्याचे कष्ट वाचतात. आणि मुले तेच शिकतात : स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, निकाल दुसऱ्याकडून घ्यायचा.

येत्या प्रायश्चित्तकाळात धर्मग्रामाच्या सभागृहात 'बेन-हर'मधील रथांची शर्यत पुन्हा एकवार दाखवण्यापूर्वी पासोलिनीचा ख्रिस्त दाखवावा आणि नंतर निदान अर्धा तास मुलांना बोलू द्यावे, अशी आमची धर्मगुरूंना व पालकांना विनंती आहे. प्रास्ताविक करणाऱ्याने मात्र कृपा करून त्याची नामांकने मोजून दाखवू नयेत.